अर्क गावात काढायचा तर कशाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

झेंडू, हळद, मिरची, पळस, संत्र्याची साल, स्पिरुलिना नावाचे शेवाळ या सगळ्यांतून रंग आणि औषधी अर्क काढून विदर्भातल्या गावांनी उद्योग उभारावेत, असा सूर आपल्या कृषी पुरवणीतून अलीकडे वारंवार उमटतो. प्रशिक्षणाच्या जाहिरातीही त्याच सुरात असतात. हेतू चांगला आहे. पण तिथे छापलेला दर शुद्ध पदार्थाचा असतो, आणि शेतकऱ्याच्या हातात असते ते पाण्याने भरलेले फूल नाहीतर ओले शेवाळ. मधला सगळा प्रवास एका ओळीत गुंडाळला जातो. तो नीट मांडावा म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, पण तपशील गाळून लिहिले तर त्याचा उपयोग नाही.

कोणताही अर्क गावात काढायचा की नाही, हे दोन प्रश्नांवर ठरवावे. तो पदार्थ कशात विरघळतो? आणि झाडावरून किंवा टाकीतून काढल्यावर तो किती वेळ तग धरतो? बाजारभाव हा तिसरा प्रश्न.

पहिल्याच प्रश्नात निम्मी यादी गळते. झेंडूतले ल्युटिन, मिरचीतले कॅप्सॅन्थिन, हळदीतले कुरकुमिन या रंगद्रव्यांतले काहीही पाण्यात विरघळत नाही. ल्युटिन आणि मिरचीचा रंग काढायला कारखान्यात मुख्यतः हेक्झेन हे पेट्रोलियमपासूनचे द्रावक (विरघळवणारा द्रव) वापरतात, कुरकुमिनसाठी अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट किंवा अल्कोहोल. हेक्झेन ६९ अंशांना उकळते, पण त्याची वाफ पेट घेण्याइतकी तयार व्हायला शून्याखाली २२ अंशही पुरतात. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण सव्वा टक्का झाले की ठिणगी पुरे. वाफ हवेच्या तिप्पट जड असल्यामुळे ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरकत पलीकडच्या खोलीतल्या चुलीपर्यंत किंवा फ्रिजच्या स्विचपर्यंत पोचते. रोज थोडी थोडी श्वासात गेली तर हातापायांच्या नसा बधिर होतात, ते वेगळेच. शिवाय माल खाण्यात जाणार असेल तर अर्कात हेक्झेन उरता कामा नये. अमेरिकेची मसाला अर्कांसाठीची मर्यादा २५ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत २५ भाग, आहे. निर्वात ऊर्ध्वपातनाशिवाय (कमी दाबात द्रावक उडवल्याशिवाय) आणि गॅस क्रोमॅटोग्राफवरच्या (उरलेला अंश मोजणाऱ्या यंत्रावरच्या) तपासणीशिवाय तिथवर पोचता येत नाही. असा साठा करायला ज्यांची परवानगी लागते, त्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तिथे एकदा नियमावली चाळली तरी स्टीलच्या पातेल्यात हेक्झेन घालून ‘घरबसल्या ल्युटिन’ दाखवणाऱ्या व्हिडिओंचे खरे मोल कळेल.

म्हणून झेंडू, मिरची, हळद यांत गावाने वाळवणापर्यंतच जावे, पण ते असे करावे की कारखाना वजनावर नाही, रंगाच्या टक्क्यावर दर देईल.

झेंडूचे बघा. दसरा-दिवाळीनंतर बाजारात उरलेली फुले रस्त्याकडेला ओतून देतात, त्यातून ल्युटिन काढा, असे सुचवले जाते. त्यातली पिवळी फुले मुळात कामाची नसतात. ल्युटिन गडद केशरी जातींत जास्त, पिवळ्यात कमी. दुसरे, फुलात ८५ ते ९० टक्के पाणी. दहा किलो फुलांतून किलो-दीड किलोच्या पलीकडे सुका माल मिळत नाही, आणि तेवढे पाणी लाकूडफाट्यावर उडवायचे तर हिशेब बसत नाही. कारखान्यांची जुनी पद्धत मुरघासासारखी आहे. फुले हवाबंद ड्रममध्ये किंवा प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात थर देऊन तुडवून भरायची, खाली रस निथळायला तोटी ठेवायची, आणि दोन-तीन आठवडे झाकून ठेवायची. लॅक्टिक आंबवणाने पीएच (आम्लतेचे माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) ४ च्या आसपास येतो, पेशींच्या भिंती मऊ होतात आणि बरेचसे पाणी नुसते दाबून निघते. मग स्क्रू प्रेसमधून काढून ६० अंशांखाली, ओलावा १० टक्के होईपर्यंत वाळवायचे. झाकणाखाली हवा राहिली तर वरच्या थराला पांढरी बुरशी धरते. तो थर काढून फेकावा, आत मिसळू नये. गच्चीवर भर उन्हात पसरलेल्या पाकळ्या फिक्या पडतात. ते ल्युटिनच उडून गेलेले असते, आणि कारखान्याच्या तपासणीत ते लगेच दिसते.

हळदीचे आणि मिरचीचे थोडक्यात. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला आणि भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या नावांचा फायदा हळद हळद म्हणून, मिरची मिरची म्हणून विकण्यात आहे. अर्क काढला की गाव पुसले जाते आणि पिंपात फक्त टक्का उरतो. वायगावच्या हळदीचे कुरकुमिन काढून कॅप्सूलवाल्याला देणे हा त्या नावाचा तोटाच.

पळस पाण्यात रंग देतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नात पास. वाळलेली एक किलो फुले दहा-पंधरा लिटर पाण्यात तासभर मंद उकळली की पिवळा-केशरी काढा निघतो; चिमूटभर चुना किंवा सोडा टाकला की तो लालसर केशरी होतो. लोखंडी कढई वापरली तर रंग मळकट हिरवट होतो, म्हणून स्टील किंवा कल्हई केलेले भांडे हवे. होळीच्या रंगासाठी हा उत्तम. कापडासाठी मात्र तुरटी लावूनही तो उन्हात उडतो, हे विकताना सांगितले पाहिजे. नाहीतर पहिली धुलाई आणि पहिली तक्रार एकाच दिवशी येते. झाडाखाली पडलेलीच फुले वेचावीत. फांद्या छाटून फुले काढली तर पुढची शेंग आणि त्या झाडावरचे लाखेचे उत्पन्न, दोन्ही जाते.

आता स्पिरुलिना. सध्या सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त निराशा इथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्पिरुलिनाचा निळा रंग, फायकोसायनिन, हे प्रथिन आहे आणि ते साध्या पाण्यात उतरते. अमेरिकेने २०१३ साली गोळ्या-च्युइंगमसाठी स्पिरुलिनाच्या अर्काला रंग म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून या निळ्याची चर्चा वाढली. द्रावकाचा प्रश्न नाही, म्हणजे गावात करता येईल, असे वाटते. पण तो दुसऱ्या प्रश्नात अडकतो.

आधी टाकी. झारूक या संशोधकाच्या १९६६ च्या माध्यमाप्रमाणे (शेवाळाच्या खतपाण्याच्या कृतीप्रमाणे) हजार लिटर पाण्याला १६.८ किलो खाण्याचा सोडा, अडीच किलो सोडियम नायट्रेट, अर्धा किलो डायपोटॅशियम फॉस्फेट, एकेक किलो पोटॅशियम सल्फेट आणि मीठ, २०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, ४० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, १० ग्रॅम फेरस सल्फेट आणि ८० ग्रॅम ईडीटीए (लोह विरघळलेले ठेवणारे रसायन) लागते. खर्च वाचवायला नायट्रेटऐवजी युरिया टाकतात. शेवाळ वाढू लागले की माध्यमाचा पीएच १० च्या घरात जातो. तिथे युरियाचा अमोनिया वायुरूपात मोकळा होतो, आणि मात्रा जरा जास्त झाली तर सगळी टाकी रातोरात पिवळी पडते. युरिया वापरायचाच तर रोज अगदी थोडा, आणि वास आला की बंद.

पाण्याचे म्हणाल तर पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात ‘पिकाला नाही चालत, शेवाळाला तरी चालेल’ असा विचार येतो. खारटपणा स्पिरुलिनाला खरोखर चालतो. अडचण पाणी जड असले तर होते. सोडा आणि फॉस्फेट टाकताच कॅल्शियमचा पांढरा गाळ बसतो, खत त्यातच अडकते, शेवाळ गाळाला चिकटते आणि वाळलेल्या मालात राखेचे प्रमाण वाढते. शेवाळ पाण्यातले जड धातूही शोषून घेते, म्हणून बोअरचे पाणी आधी तपासून घेणे टाळता येत नाही.

तापमान हा आपल्याकडचा खरा शत्रू. ३० ते ३५ अंशांत हे शेवाळ जोमाने वाढते आणि पाणी ४० च्या वर गेले की मान टाकते. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात १५ ते २० सेंटिमीटर खोलीची उघडी टाकी दुपारी कुठे पोचते हे सांगायला नको. शेडनेट, पांढऱ्या कडा आणि दुपारी पंखा नाहीतर फवारा हवाच. पीएच ९ च्या खाली घसरला की दुसरी हिरवी शेवाळे घुसतात. ती इतकी बारीक असतात की ३०-५० मायक्रॉनच्या कापडातून गाळताना निसटतात आणि टाकीत वाढतच राहतात.

काढणी पहाटे करावी. कापडावरचा लगदा धुवायचा, कारण त्यात सोडा असतो. पण गोड्या पाण्याने फार वेळ धुतला तर पेशी फुगून फुटतात. खाली पडणारे पाणी निळसर दिसू लागले की थांबायचे. ते पाणी म्हणजे वाहून जाणारा तुमचा माल. उन्हाळ्यात हा लगदा दोन-चार तासांत वास मारू लागतो. लगेच दाबून, शेवयांसारख्या दोन मिलिमीटरच्या बारीक धारांत जाळीवर सोडून, सावलीत किंवा झाकलेल्या ड्रायरमध्ये वाळवावा. फायकोसायनिन साधारण ४५ अंशांपर्यंत बरे टिकते, पुढे झपाट्याने मोडते. ६० अंशांवर वाळवलेली पावडर हिरवीगार दिसते, पण आत निळा फार थोडा उरलेला असतो. थेट ऊन लागले तर आणखी कमी.

या पावडरीतून किंवा त्याहून बरे म्हणजे ताज्या लगद्यातून निळा काढायचा तर क्रम असा. लगदा उणे २० अंशांवर गोठवून फ्रिजमध्येच हळूहळू वितळू द्यायचा; असे दोन-तीनदा केले की पेशी फुटतात. मग सुक्या वजनाच्या २० ते २५ पट थंड फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) घालायचा. एक लिटर बफरला डायपोटॅशियम फॉस्फेट १०.७ ग्रॅम आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट ५.२ ग्रॅम लागते, पीएच ७ येतो. रात्रभर ४ अंशांवर अंधारात ठेवून सेंट्रिफ्यूज करायचे, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून गाळ वेगळा करायचा. कापडाने गाळून भागत नाही, कारण पेशींचे बारीक तुकडे आरपार जातात आणि अर्क निळ्याऐवजी मोरपंखी हिरवा दिसतो. निवळ अर्क खोलीच्या तापमानाला दोन-तीन दिवसांत जिवाणूंमुळे नासतो आणि राखाडी होतो. साखर घातली तर थोडा जास्त टिकतो. लिंबाच्या सरबतात घातला तर फाटून तळाशी बसतो, कारण आम्लात हे प्रथिन विरघळलेले राहत नाही. त्यामुळे थंड पेयवाल्यांना तो विकायच्या आधी हे सांगावे लागते.

थोडक्यात, डीप फ्रीझर, सेंट्रिफ्यूज आणि अखंड वीज. भारनियमनाच्या गावात वितळलेला फ्रीझर म्हणजे गेलेली खेप. स्पष्ट सांगायचे तर गावाने निळा रंग काढण्याच्या भरीस पडू नये. चांगली वाळवलेली पावडर फायकोसायनिनचा टक्का मोजून विकावी. मोजणी अवघड नाही, तिच्याकडे शेवटी येतो.

आता ज्या पदार्थाबद्दल पुरवण्यांत जवळजवळ काहीच येत नाही, त्याच्याकडे वळतो. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्र्याच्या बागांत एप्रिल-मे मध्ये आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या मोहोराची) बारीक फळे गळतात. बोरापासून लिंबाएवढी, कडक हिरवी. ती झाडाखालीच पडून राहतात. या फळांत हेस्पेरिडिन नावाचा फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींतल्या संयुगांच्या एका गटातला पदार्थ) असतो, आणि पिकल्या फळाच्या सालीपेक्षा कोवळ्या फळात त्याचे प्रमाण कितीतरी जास्त असते, कारण झाड तो फळाच्या बाल्यावस्थेतच बनवते आणि पुढे फळ मोठे होताना तो पातळ होत जातो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लेब्रेतों यांनी १८२८ मध्येच तो वेगळा केला होता. मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरांवरच्या गोळ्यांत ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन आणि ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असते, आणि त्यातले डायोस्मिनही हेस्पेरिडिनपासूनच बनवतात. म्हणजे ग्राहक औषध कारखाने आहेत.

दोन्ही प्रश्नांत हा पदार्थ पास होतो. हेस्पेरिडिन साध्या पाण्यात जवळपास विरघळत नाही, पण चुन्याच्या पाण्यात विरघळतो आणि आम्ल घातले की परत खाली बसतो. द्रावक म्हणून चुना आणि पाणी पुरते. आणि हा पदार्थ उन्हाला घाबरत नाही. जे मे महिन्याचे ऊन स्पिरुलिनाचा जीव घेते, तेच इथे फुकटचे ड्रायर आहे. फळे अर्धी कापून जाळीवर पसरली तर दोन-तीन दिवसांत खडखड वाजू लागतात. पोत्यात भरून फळीवर ठेवली तर प्रक्रिया सवडीने करता येते. फक्त पावसाळ्याआधी पोती कोरड्या जागी हवीत. ऑगस्ट-सप्टेंबरची गळ यासाठी घेऊ नये. तेव्हाची फळे मोठी, पाणीदार आणि बहुतेक बुरशीने किंवा रसशोषक पतंगाने गळलेली असतात. वाळत नाहीत, सडतात.

पद्धत अशी. वाळलेली फळे पल्व्हरायझरमधून रव्याएवढी भरड करावीत. पीठ करू नये, पुढे कापड चोंदते. दहा किलो भरड शंभर लिटर पाण्यात तासभर भिजवावी. मग विरवलेल्या चुन्याची दुधासारखी निवळ न केलेली कालवण थोडी थोडी घालत ढवळावे आणि पीएच ११ ते ११.५ वर आणावा. चुना किलोत सांगता येत नाही, कारण फळातली आम्ले आणि पाण्यातला बायकार्बोनेट दोन्ही तो खातात. घातल्यावर पीएच परत खाली येतो, परत घालावा लागतो. पंधरा मिनिटे तो स्थिर राहिला की पुरे. घाई करून चुना ओतला तर मिश्रण थेट १२.४ वर जाते, संपृक्त चुन्याच्या पाण्याचा पीएच तेवढाच असतो, आणि तिथे हेस्पेरिडिनचे रूप बदलून ते पुढे मोडू लागते. लिटमसच्या पट्टीवर हे जमणार नाही, पीएच मीटर घ्यावा आणि रोज प्रमाणित द्रावणावर जुळवावा. पाऊण ते एक तास सावकाश ढवळल्यावर द्रावण पिवळे-नारिंगी होते. फेस येईपर्यंत घुसळू नये, हवेने ते तपकिरी होत जाते. रात्रभर तर मुळीच ठेवू नये.

इथे बरेच जण चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा वापरायला जातात, कारण तो पटकन विरघळतो आणि पीएच लगेच चढतो. पण सालीतले पेक्टिन (जॅम-जेली घट्ट करणारा पदार्थ) सोड्यात विरघळून सगळ्याचा बुळबुळीत लगदा होतो, तो कोणत्याही कापडातून उतरत नाही. चुन्यातले कॅल्शियम मात्र पेक्टिनला धरून घट्ट करते, साल कडक राहते आणि दाबली की स्वच्छ पाणी सुटते. उद्योगात चुना टिकून आहे तो याच कारणाने, स्वस्त आहे हे नंतरचे.

दाबून काढलेले पाणी नायलॉनच्या कापडातून आणि मग दाट सुती कापडातून गाळावे, तास-दीड तास झाकून निवळू द्यावे आणि वरचे निवळच पुढे घ्यावे. गढूळ पाण्यात आम्ल घातले तर पेक्टिन आणि गर हेस्पेरिडिनबरोबरच खाली येतो आणि तपकिरी शेंबडासारखा गोळा हाती लागतो, जो ना धुता येतो ना वाळवता.

निवळ द्रावण ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून त्यात पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल बारीक धारेने, हळू ढवळत घालावे, पीएच ४.२ ते ४.५ होईपर्यंत. एकदम ओतले तर कण इतके बारीक पडतात की कापडातून निघून जातात. मागच्या खेपेतले चमचाभर हेस्पेरिडिन बीज म्हणून टाकले तर स्फटिक मोठे येतात. सल्फ्युरिक आम्ल स्वस्त म्हणून घेऊ नये. द्रावणातल्या कॅल्शियमशी त्याची जिप्सम होते, ती हेस्पेरिडिनबरोबर खाली बसते, वजन वाढून आनंद होतो आणि कारखान्याच्या तपासणीत माल परत येतो. हायड्रोक्लोरिकने होणारे कॅल्शियम क्लोराइड पाण्यातच राहते. ही पायरी एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) किंवा फायबरच्या टाकीत करावी. साध्या स्टीलला हे आम्ल खाते आणि लोखंड मालात उतरून तो काळपट होतो. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात नाही, आणि चष्मा-हातमोजे लावूनच. चुना विरवतानाही तेच.

रात्रभर, हवामान थंड असेल तर चोवीस तास, न हलवता ठेवल्यावर फिकट पिवळसर-पांढरा साका बसतो. वरचे पाणी काढून टाकावे, साका दोनदा कोमट पाण्याने धुऊन गाळावा आणि ६०-७० अंशांवर वाळवावा. हा कच्चा हेस्पेरिडिन. पुढचे शुद्धीकरण कारखाना करतो आणि त्यालाच करू द्यावे. पहिल्यांदा शंभर ग्रॅम भरडीवर हे सगळे करून पाहावे, टाकी त्यानंतर. ते बादलीत जमले नाही तर टाकीतही जमणार नाही.

उरणाऱ्या दोन गोष्टींचा विचार आधीच करावा लागतो. दाबलेल्या चोथ्यात चुना असतो, तो जनावरांना तसाच घालू नये. शेणखताच्या खड्ड्यात मिसळता येतो, पण ते खत संत्र्याच्या बागेत नको. आपल्या अनेक काळ्या जमिनींत आधीच चुनखडी जास्त आहे आणि लोहाअभावी संत्र्याची पाने पिवळी पडण्याचे ते एक कारण आहे. ते खत दुसऱ्या पिकाला जावे. आणि साक्यावरचे पाणी साखर, आम्ल आणि क्षार यांनी भरलेले असते, नाल्यात सोडले तर आठवड्यात वास आणि तक्रार दोन्ही येणार. पीएच ७ वर आणून बाष्पीभवनाच्या उथळ टाकीत सोडावे, म्हणजे पुन्हा मे महिन्याचे ऊनच कामाला येते. गळ वेचण्याआधीच्या फवारण्यांची नोंदही ठेवावी. कीटकनाशकांचे अंश सालीत साठतात आणि औषध कारखाना ते तपासल्याशिवाय माल घेत नाही.

पिकल्या फळाच्या सालीचे तेल वाफेवर काढणे हाही गावात जमण्यासारखा धंदा आहे, गवती चहाचा बंब असेल तर त्यातच. फक्त त्या तेलात नव्वद टक्क्यांच्या वर लिमोनीन असते आणि ते पन्नास अंशांखालीच पेट घेण्याजोगी वाफ सोडते, म्हणून भट्टीजवळ कॅन ठेवू नयेत.

आता मोजणी. ल्युटिन असो, फायकोसायनिन असो, आज व्यापारी पावडर बोटावर चोळून, रंग पाहून दर सांगतो. बऱ्याच तालुक्यांच्या विज्ञान महाविद्यालयांत स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र) असतो आणि वर्षातले बरेच दिवस तो झाकलेला असतो. फायकोसायनिनसाठी एक ग्रॅम पावडर १०० मिलिलिटर बफरमध्ये वरच्यासारखी गोठवून-वितळवून, सेंट्रिफ्यूज करून, निवळ द्रावण दहा पट पातळ करावे आणि ६२० व ६५२ नॅनोमीटरवर शोषण वाचावे. दुसऱ्या आकड्याला ०.४७४ ने गुणून पहिल्यातून वजा करायचे आणि ५.३४ ने भागायचे. समजा ६२० ला ०.८०० आणि ६५२ ला ०.३०० आले. ०.८०० वजा ०.१४२ म्हणजे ०.६५८, भागिले ५.३४ म्हणजे ०.१२३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. दहा पट पातळ केले होते, म्हणून १.२३. मूळ द्रावणात पावडर १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, तेव्हा टक्का १२.३. हा चांगला माल. ५-६ टक्के आले तर ड्रायरचे तापमान तपासावे. अर्क शुद्ध किती, हे ६२० च्या शोषणाला २८० च्या शोषणाने भागून कळते, ०.७ च्या वर गेले की तो अन्नरंगाच्या दर्जाचा मानतात.

६२० आणि ६५२ साठी साधे काचेचे क्युवेट (यंत्रात नमुना ठेवायची छोटी चौकोनी नळी) चालते. झेंडूचे ल्युटिन इथाइल अल्कोहोलमध्ये ४४५ वर मोजतात, तिथेही चालते. पण २८० साठी, आणि हेस्पेरिडिन २८३ च्या आसपास वाचायचे असेल तर क्वार्ट्झचेच लागते. काच आणि साधे प्लास्टिक तिथला प्रकाश अडवतात आणि आकडा भलताच येतो. हेस्पेरिडिनच्या कच्च्या मालात इतरही फ्लॅव्होनॉइड याच जागी शोषण दाखवतात, त्यामुळे हा आकडा थोडा फुगलेला समजावा आणि सौद्याआधी एकदा एचपीएलसी (घटक वेगवेगळे करून मोजणारी तपासणी) करून घ्यावी. चुना नीट धुतला गेला की नाही, हे त्याहून सोप्या रीतीने कळते. एक ग्रॅम माल मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या अतिउष्ण बंद भट्टीत) जाळून उरलेली राख तोलावी. हेस्पेरिडिन स्वतः पूर्ण जळून जातो, उरते ती चुन्याची आणि जिप्समची चोरी.

माझी मागणी एवढीच आहे. कृषी विभागाने आणि विद्यापीठांनी या महाविद्यालयांशी करार करून नमुन्यामागे माफक शुल्क ठरवावे, शेतकरी गटांसाठी आठवड्यातून एक दिवस मोजणीला मोकळा ठेवावा, आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने उन्हाळी गळीतल्या हेस्पेरिडिनचे प्रमाण फळाच्या आकारानुसार मोजून तालुकावार प्रसिद्ध करावे. बोराएवढे फळ वेचायचे की लिंबाएवढे, हे वेचणाऱ्या बायांना मजुरी ठरवण्याआधी सांगता आले पाहिजे. ही मोजणी आंबियाच्या पुढच्या गळीआधी, म्हणजे मार्चअखेर हाती हवी.

आपला,
अन्नप्रक्रिया रसायनशास्त्राचा एक अभ्यासक,
मोर्शी तालुका, जि. अमरावती